ग्रंथालयाला कुलूप, तरी प्रबंध चालू

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण दप्तरखान्यातल्या कागदांवाचून अडलं. पुन्हा साथ आली तर आधी प्रकरणांचा क्रम मोडा. हाती आहे त्यावर लिहा. अडेल तिथं लाल अक्षरांत ‘मूळ कागद हवा’ एवढं टाकून पुढं चला. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात. त्यांची परिशिष्टं चाळा, कधीकधी आपल्याला हवा तोच कागद कुणीतरी उतरवून ठेवलेला सापडतो.

मार्गदर्शकांना दर आठवड्याला एक पान पाठवा. ‘सर, काम चालू आहे’ हा निरोप म्हणजे पान नव्हे!

मुदतवाढ लेखी मागा. २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं प्रबंधासाठी सहा महिने वाढवून दिले, शिष्यवृत्ती मात्र पाच वर्षांपुढं नाही. पैशांचा हिशोब आधीच मांडा.

दोन खोल्यांच्या घरात शांतता पहाटेच, म्हणून लेखन तेव्हा. कुकरच्या शिट्ट्यांत फक्त संदर्भसूची. रात्री बातम्या बघू नका, झोपा. आठवडेच्या आठवडे काहीच नकोसं वाटलं, तर १४४१६ वर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.