डेलियाचा कंद घेताना मान पाहा

कंद किती गुबगुबीत आहे ते पाहू नका, त्याची मान पाहा. डेलियाचा डोळा जुन्या खोडाला चिकटलेल्या मानेपाशीच फुटतो. ती तुटलेला कंद रताळ्याएवढा असला तरी उगवत नाही.

आपल्या काळ्या मातीत पाणी साचून कंद सडतो. म्हणून पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळून वीतभर उंच वाफा करा. कंद 4 ते 6 इंच खोल, आडवा ठेवा. आधाराची काठी तेव्हाच रोवा. नंतर रोवली की नेमकी कंदात घुसते (माझी घुसली आहे). तुराटी नको, फुलांच्या वजनानं मोडते. कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी बेतानं. पानांच्या 3-4 जोड्या आल्या की शेंडा खुडा.