वर्डमधल्या लाल रेघा बंद करू नका, आधी मजकुराची भाषा लावा

मराठी मजकूर टाइप केला की पानभर लाल रेघा उठतात आणि कुणीतरी लगेच सल्ला देतं, "ऑप्शन्समध्ये जा, स्पेलिंग चेक बंद करून टाक." हा सल्ला चुकीचा आहे. त्या रेघांचं रान चुकांमुळे कमी माजतं. हा मजकूर मराठी आहे हे वर्डला कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून जास्त माजतं. ते एकदा सांगितलं की उरलेल्या रेघा खरोखर कामाच्या असतात.

लाल नागमोडी रेघ म्हणजे शब्द शब्दकोशात सापडला नाही. निळी म्हणजे व्याकरणाबद्दल शंका. जुन्या आवृत्त्यांत ती हिरवी असे. यातलं काहीही छपाईत किंवा पीडीएफमध्ये उमटत नाही, तेव्हा प्रिंट खराब येईल ही धास्ती सोडा.

आता मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फॉन्टमध्ये मराठीच दिसेल अशा अक्षरांत, आहे का ते बघा. आपल्याकडे नांदेड, लातूर, परभणीच्या डीटीपीवाल्यांकडून आजही कृतिदेव नाहीतर श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फायली येतात. फॉन्ट बदलून एरिअल केल्यावर इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसला, तर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या. त्याशिवाय पुढचं काहीच उपयोगाचं नाही.

यानंतरची पायरी भाषेची. मला सुरुवातीला सगळ्यात जास्त झुंजायला लावलं ते हिनेच.

वर्ड प्रत्येक शब्दाबरोबर त्याची भाषाही साठवून ठेवतो, आणि ती बहुतेक वेळा कीबोर्डवरून ठरवतो. अक्षरं देवनागरी आहेत म्हणून मजकूर मराठी, असं तो धरत नाही. आपल्याकडच्या कित्येक कॉम्प्युटरवर फक्त हिंदीचा कीबोर्ड बसवलेला असतो. त्यावर टाइप केलेल्या मराठीवर हिंदीचा शिक्का बसतो आणि मग 'आहे', 'आणि', 'झाली' या शब्दांखालीसुद्धा लाल रेघ येते. फाइल उघडा, चार वेगवेगळ्या परिच्छेदांत कर्सर ठेवा आणि खालच्या पट्टीवर भाषेचं नाव वाचा. तीन जणांच्या हातून गेलेल्या प्रबंधात एकाच पानावर हिंदी, इंग्रजी आणि मराठी असे तिन्ही शिक्के सापडतात.

म्हणून विंडोजच्या सेटिंगमधून मराठी कीबोर्ड बसवा. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डच्या मांडणीची सवय असेल तर बोटांना फारसं नवं काही शिकावं लागत नाही. मग मजकूर निवडून रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज या वाटेने जा आणि यादीत मराठी निवडा. नावाशेजारी एबीसी आणि बरोबरची खूण दिसली पाहिजे. ती नसेल तर मराठीची प्रूफिंग साधनं, म्हणजे शुद्धलेखन तपासणारा भाग, बसलेली नाहीत. ती मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळतात.

याच चौकटीत 'डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर' असा एक पर्याय आहे. तो पूर्ण रिकामा ठेवा. रेघा घालवायला अनेक जण नेमकं हेच टिचकावतात, आणि ही खूण मजकुराला चिकटून राहते. परिच्छेद दुसऱ्या फाइलमध्ये पेस्ट केला तर तीही सोबत जाऊ शकते. पान स्वच्छ दिसतं आणि 'उज्वल', 'आशिर्वाद', 'दिपावली' बिनबोभाट छापून येतात. शंका आली तर परिच्छेदाच्या मधोमध 'कखगघचछ' असं काहीही टाइप करून बघा. लाल रेघ उठली नाही, तर तिथे तपासणी बंद आहे.

आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात. कंट्रोल ए दाबलं की फक्त मुख्य मजकूर निवडला जातो. तळटीपा, पानाचा माथा आणि मजकुराच्या चौकटी त्यात येत नाहीत. तिथे जाऊन भाषा वेगळी लावावी लागते. इंग्रजी उताऱ्यांची भाषाही नंतर पुन्हा तपासा. शेवटी नॉर्मल स्टाइलमध्येच मराठी लावून ठेवा, म्हणजे नव्या परिच्छेदांना त्रास होत नाही.

इतकं करूनही 'दुसऱ्या', 'तऱ्हा' असे शब्द लाल राहिले तर दोष शुद्धलेखनाचा नसतो. हा आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने, एकदा साध्या 'र'मागे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शब्दकोशाला नाही. शब्द 'ऱ' वापरून नव्याने टाइप करा आणि फाइंड-रिप्लेसने सगळीकडे बदला.

मग शब्दकोशात भर. अंबाजोगाई, कळमनुरी, भोकरदन, जिंतूर ही नावं बेलाशक घाला. 'कळमनुरीच्या', 'कळमनुरीहून' अशी रूपं वेगळी घालावी लागतात. नेहमीची तेवढी घाला, बाकीच्यांना इग्नोर ऑल. नेहमीच्या शब्दाबद्दल मात्र मराठी शुद्धलेखनाचे १९६२चे नियम आणि त्यांतली १९७२ची भर पाहिल्याशिवाय 'अ‍ॅड' दाबू नका, कारण एकदा आत गेलेला चुकीचा शब्द पुढच्या प्रत्येक फाइलमध्ये बरोबर ठरतो. गेलाच असेल तर ऑप्शन्समधल्या प्रूफिंगखाली कस्टम डिक्शनरीज उघडून तो काढून टाका.

कथेतल्या संवादांचं वेगळं. "मी बाजारला जायलो" याखाली लाल रेघ आली म्हणून त्याचं "जात आहे" करू नका. ती आपली मराठवाड्याची बोली आहे, चूक नाही. फक्त संवादांसाठी एक वेगळी कॅरेक्टर स्टाइल करून तिच्यातच तपासणी बंद ठेवा. वर नको म्हटलेला पर्याय मी वापरू देतो तो एवढ्याच ठिकाणी.

पडद्यावर कुणाला दाखवताना रेघा नको असतील तर प्रूफिंगमध्ये अगदी खाली, फक्त याच फाइलपुरत्या त्या लपवण्याचा पर्याय आहे. तोच वापरा. 'चेक स्पेलिंग अ‍ॅज यू टाइप' काढलं, तर त्या कॉम्प्युटरवर त्याच खात्यातून पुढे काम करणाऱ्या प्रत्येकाची टाइप करतानाची तपासणी बंद होते.

शेवटी एफ सेव्हन दाबून एकदा पूर्ण तपासा.

त्यानंतर लाल रेघेला न दिसणाऱ्या चुका उरतात. १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमपत्रिकेवर 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दीन' छापलं गेलं तरी रेघ येत नाही, कारण 'दीन' हाही खरा शब्द आहे. फक्त त्याचा अर्थ गरीब, केविलवाणा. क्रियापद कर्त्याशी जुळलं का, हेही मराठीत स्वतःच बघा. फाइल छापायला देण्याआधी कंट्रोल एफ दाबून 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर', 'सुत' आणि 'सूत' एकेक करून शोधा, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून पूर्ण वाक्य वाचा.