बीपी असणाऱ्यांनी सुगंधी तेल कसं वापरायचं, गोळी चालू ठेवून

आमच्या आईला बीपी आहे, सात-आठ वर्षं झाली, रोज सकाळी ॲम्लोडिपिनची गोळी चालू असते. लॅव्हेंडर तेलाची छोटीशी बाटली मी पहिल्यांदा घरी आणली तेव्हा ती म्हणे, "काऊन वं, एवढंसं तेल अन् एवढे पैसे?" आता रात्री तीच आठवण करून देते. ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारून राहिल्या की तेलानं बीपी उतरतं का, म्हणून आमच्या घरी कसं करतो ते नीट लिहिते.

पहिले खरं काय ते सांगते. लॅव्हेंडर, बर्गमॉट (लिंबू-संत्र्यासारख्या एका फळाच्या सालीचं), इलांग-इलांग (एका सुगंधी फुलाचं) अशा तेलांवर छोटे छोटे अभ्यास झालेत, त्यात वास घेतल्यावर थोड्या वेळासाठी काही पॉइंट बीपी कमी झालेलं दिसलं, कारण मन शांत होतं, श्वास हळू होतो, ठोके थोडे कमी होतात. बस इतकंच. रक्तवाहिन्या कडक झाल्या असतील, किडनीचा त्रास असेल, जेवणात मीठ जास्त असेल तर वासानं त्यातलं काहीच बदलत नाही. आमच्या नात्यातल्या एका मावशीनं महिनाभर तेल हुंगून बरं वाटलं म्हणून गोळी सोडली, आणि मग चक्कर आली म्हणून मोजलं तर १७८/१०४. बीपी वाढलेलं बहुतेक वेळा कळतच नाही, त्यामुळे 'बरं वाटते' यावरून काहीही ठरवू नका, गोळी कमी-जास्त करायची तर फक्त डॉक्टरांना विचारूनच.

तेल घेताना बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव बघा, लॅव्हेंडरसाठी लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया. नुसतं 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलेलं नको, तो बनवलेला वास असतो. बाटली गडद रंगाच्या काचेची पाहिजे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तर ती ओट्यावर किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, फ्रीजच्या दारात ठेवा. संत्री-लिंबाच्या सालीची तेलं तर गरमीत अजून लवकर खराब होतात आणि खराब झालेलं तेल अंगावर खाजवते.

आता रात्रीचं. जेवण झाल्यावर लगेच नाही, झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी, रुमालावर किंवा कापसाच्या बोळ्यावर फक्त २ थेंब टाकायचे, उशीपासून हातभर दूर ठेवायचे. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. खुर्चीत पाठ टेकून बसायचं आणि नाकातून ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, मध्ये कोंडायचा नाही. मिनिटाला साधारण ६ श्वास होतात, असं १० मिनिटं. माझ्या मते खरं काम हा हळू श्वास करतो, आणि वासाचा फायदा असा की रोज तोच वास आला की बसायची आठवण होते. आईला मी कितीदा प्राणायाम कर म्हटलं, नाही केला, पण या वासासाठी बसते.

डिफ्यूझर, म्हणजे खोलीत वास पसरवायचं छोटं यंत्र, असेल तर १०० मिली पाण्यात ३-४ थेंब, अर्धा तास, आणि दार किंवा खिडकी थोडी उघडी. कूलरच्या टाकीत मात्र तेल टाकू नका, बरेच जण टाकतात. तेल पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगते, गवताच्या जाळ्या चिकट होतात, आणि घरात कोणाला दमा असेल तर त्याला त्या वासापासून सुटका नाही. कूलरमध्ये वास पाहिजेच तर खसच्या जाळ्या लावा, आपल्याकडे ते आधीपासून आहेच.

पाय चोळायचे असतील तर ३० मिली तिळाच्या तेलात ६ थेंब लॅव्हेंडर, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबायचं. बर्गमॉट अंगाला लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते, नागपूरच्या उन्हात तर लावूच नका. विंटरग्रीन नावाच्या झुडपाचं तेल रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी लावू नये. पोटात कोणतंच तेल घ्यायचं नाही, चहात एक थेंबसुद्धा नाही. निलगिरी आणि कापराचं तेल लहान लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, गिळलं तर विष आहे. गरोदर बाई, फिट येणारा माणूस किंवा मांजर घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पैसे खर्च करायचे नसतील तर संत्र्याच्या सीझनमध्ये ताजी साल बोटांनी दाबा आणि तोच वास घेत श्वासाचं करा, सालीतले ते बारीक फवारे म्हणजे तेलच असते.

फरक पडला का हे मोजल्याशिवाय कळत नाही. चहानंतर अर्धा तास थांबा, लघवी करून या, ५ मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, पट्टा बांधलेला हात छातीच्या उंचीवर टेबलावर. १ मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, ७ दिवस, आणि वहीत लिहा. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर वही घेऊन डॉक्टरकडे जा. १८०/१२० च्या वर असेल आणि छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं, दम लागणं, एक हात-पाय लुळा पडणं यातलं काही असेल तर तेल-बिल बाजूला ठेवून सरळ दवाखाना.

आणि एक गोष्ट जी मला वहीमुळेच समजली. आम्ही तेल एप्रिलमध्ये सुरू केलं आणि मे महिन्यात आईचे आकडे छान खाली आले, आम्ही सगळे खूश. मग डॉक्टरांनी सांगितलं की गरमीत रक्तवाहिन्या सैल पडतात, घाम जातो, बीपी तसंही उतरते, आणि थंडीत परत चढते. उन्हाळ्यात उठताना डोळ्यापुढे अंधारी आली तरी त्यांना कळवायचं, म्हणजे गोळी बघता येते. म्हणून तेलाचा हिशोब मेच्या आकड्यावर करू नका, डिसेंबरच्या थंडीतली वही बघा. आमच्याकडे डिसेंबरमध्ये आकडे परत थोडे वर गेले, तेल तेच, श्वास तोच, आणि डॉक्टरांनी गोळी वाढवली.