चवथीला गावी जाण्याआधी कॅमेऱ्याचं पोर्ट तपासून ठेवा

फ्लॅट पर्वरीला आणि गणपती पेडण्याच्या मूळ घरी, असं ज्यांचं आहे त्यांचा फ्लॅट चवथीत बंदच असतो. गावाहून फोनवर डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याचा) कॅमेरा पाहायचा म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करणार असाल, म्हणजे बाहेरून आलेली मागणी थेट डीव्हीआरकडे पाठवायचा नियम घालणार असाल, तर ते गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या खरेदीच्या गडबडीत नको. आठवडाभर आधी उरका.

राउटरला हात लावण्याआधी तुमच्या घराला बाहेरून पोचता येईल असा पत्ता मिळालाय का ते बघा. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरला इंटरनेटच्या बाजूने मिळालेला पत्ता) लिहून घ्या, मग त्याच वाय-फायवरून आपला आयपी दाखवणारी एखादी वेबसाइट उघडा. दोन्ही जुळले तर उत्तम. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर इंटरनेटवाल्याने सीजीनॅट लावलंय: एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला. मग राउटरमध्ये कितीही नियम घाला, बाहेरून आलेलं काही तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. लोक नेमकं हेच न बघता रात्रभर सेटिंग्ज बदलत बसतात. अशा वेळी जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मिळतो का ते विचारा, नाहीतर सरळ डीव्हीआरचं क्लाउड अ‍ॅप वापरा. त्याला पोर्ट उघडावं लागत नाही. वॅन आयपी १९२.१६८ने सुरू होत असेल तर बहुधा फायबरचा डबाही राउटर म्हणूनच चालतोय. तो ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे राउटरचं काम तुमचा राउटर एकटाच करेल, नाहीतर दोन्हीकडे नियम घालावा लागेल. आणि १०ने सुरू होत असेल तर दोन्हींपैकी काहीही असू शकतं, इंटरनेटवाल्यालाच विचारा.

पत्त्याचं जमलं की डीव्हीआरचा घरातला आयपी डीएचसीपी रिझर्वेशन (राउटरने त्याला दरवेळी तोच पत्ता द्यायची सोय) करून पक्का करा. डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेटवे म्हणून राउटरचाच आयपी आहे ना, हेही बघा. तो चुकला तर घरात कॅमेरा छान दिसतो आणि बाहेरून मात्र काळा पडदा, कारण उत्तर परत जायला वाट नसते. नियम घालताना पोर्ट टीसीपी की यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) ते नीट निवडा. कॅमेऱ्याचं चित्र थेट दाखवणाऱ्या आरटीएसपीचं नेहमीचं पोर्ट ५५४.

चाचणी घरच्या वाय-फायवरून करू नका. बऱ्याच राउटरना आपलाच बाहेरचा पत्ता आतून उघडता येत नाही, त्यामुळे सगळं बरोबर असूनही बिघडल्यासारखं वाटतं. फोनचं वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावर बघा.

पोर्ट उघडायच्या आधी डीव्हीआरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. यात आळस नको. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने असेच मूळ पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. राउटरचं स्वतःचं लॉगिन पान बाहेरून उघडत नाही ना, तेही त्याच बैठकीत पाहा.

पावसात वीज जाते-येते, म्हणून निघण्याआधी एकदा मेन स्विच बंद करा, पाचेक मिनिटांनी चालू करा आणि मोबाइल डेटावरून कॅमेरा परत उघडा. बाहेरचा आयपी बदललेला दिसला तर राउटरमध्ये डीडीएनएस (बदलत्या आयपीला एकच कायमचं नाव देणारी सेवा) चालू करून फोनच्या अ‍ॅपमध्ये आकड्यांच्या जागी ते नाव भरा.