फंडस स्ट्रिपवर अ‍ॅडिपोनेक्टिन तपासताय? या चुका टाळा

‘अ‍ॅडिपोनेक्टिन टाकलं, पण स्ट्रिप सैलच होत नाही’ ही तक्रार नेहमीची. (अ‍ॅडिपोनेक्टिन हे चरबीच्या पेशींतून येणारं हार्मोन; फंडस स्ट्रिप म्हणजे जठराच्या वरच्या भागाच्या स्नायूची, द्रावणात टांगलेली पट्टी.) ग्राफ पाहिला की बहुतेक वेळा दोष हार्मोनचा नसतो. स्ट्रिप आधीच सैल असते. लोळत पडलेल्या स्नायूला आणखी किती सैल करणार? शिथिलता मोजायची तर आधी कार्बाकोल या स्नायू आवळणाऱ्या औषधाने (साधारण 1 मायक्रोमोलर) आकुंचन आणा आणि ग्राफची रेघ सपाट होईपर्यंत थांबा. हे थांबणंच लोकांना जमत नाही. रेघ आपसूक खाली उतरत असताना हार्मोन टाकतात आणि तो उतार हार्मोनच्या खात्यावर जमा करतात. म्हणून शेजारच्या बाथमध्ये (द्रावणाच्या भांड्यात) हार्मोनशिवाय नुसतं द्रावक दिलेली स्ट्रिप हवीच.

बी.फार्म.ला शिकलेली सवयही नडते. औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांची 1957ची रॅट फंडस स्ट्रिप सेरोटोनिनने होणारं आकुंचन मोजायला होती. इथे खेळ नसांचा, म्हणजे मज्जातंतूंचा आहे. फ्लोरेन्स विद्यापीठाच्या गटाने 2018 मध्ये माउसच्या फंडसवर दाखवलं की विद्युत उत्तेजनाने येणारं आकुंचन अ‍ॅडिपोनेक्टिनमुळे घटतं. आणि एल-एनएनए हा रोधक देऊन नायट्रिक ऑक्साइड (स्नायू सैल करणारा रेणू) तयार होणं रोखलं की तो परिणाम दिसत नाही. एल-एनएनएचा गट वगळून ‘नायट्रिक ऑक्साइडमार्गे’ असं लिहू नका. नसांचे संदेश थांबवणारं टेट्रोडोटॉक्सिन दिल्यावरही उत्तेजनाला प्रतिसाद टिकला, तर तुम्ही नसा नाही, थेट स्नायूच चेतवताय. व्होल्टेज आणि पल्सची रुंदी कमी करा.

स्ट्रिप कशालाच दाद देत नसेल, तर शेवटी सोडियम नायट्रोप्रुसाइड द्या; ते नायट्रिक ऑक्साइड सोडून स्नायू थेट सैल करतं. तेही चालेना, तर ती स्ट्रिप गेली. (नायट्रोप्रुसाइडची बाटली उजेडात राहिली नव्हती ना, हे आधी बघा.)

क्रेब्ज (स्ट्रिप ज्यात ठेवतात ते क्षारांचं द्रावण) दुधाळ झालं? कॅल्शियम क्लोराइड घाईने पडलं. कार्बोजेन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण) सोडून सामू 7.4च्या आसपास आल्यावर ते सर्वांत शेवटी, ढवळत घाला. बुडबुडे मात्र बेताचे ठेवा: जोरात सोडले तर स्ट्रिप हलते, रेघ दाते पाडते आणि प्रथिनाचा फेस होतो.

एक चूक प्रबंधाच्या शेवटच्या पानावर होते. फंडस सैल झाला की जठरात अन्नाला जागा होते. भूक मेली असं त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय लठ्ठपणात चरबीचं दुसरं हार्मोन, लेप्टिन, वाढतं, अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र घटतं. माउसच्या एका पट्टीवरून माणसाच्या वजनाबद्दल वाक्य लिहिलंत, तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.