भिंतीत फास्टनर मारताय? आधी भिंत ओळखा आणि या चुका टाळा

नाशकात भिंत म्हणजे नक्की काय हे सांगणं अवघड आहे. जुन्या नाशकात, पंचवटीत काळ्या दगडाचे वाडे, कॉलेज रोडच्या जुन्या बंगल्यांना लाल वीट, पाथर्डी फाट्याकडच्या नव्या बिल्डिंगांना सिपोरेक्स म्हणजे एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांचे हलके काँक्रीटचे ठोकळे), आणि कॉलम-बीम-स्लॅब अर्थातच आरसीसीचे. वरून सगळीकडे प्लास्टर आणि रंग, त्यामुळे दिसायला सगळ्या सारख्याच. मग आपण दुकानात जातो, "दादा, गिझर लावायचाय, चांगला फास्टनर द्या" म्हणतो आणि ते देतील ते घेऊन येतो. खरी गडबड इथेच होते. गिझर किती किलोचा हे नंतर बघू, तो कशात मारायचाय हे आधी सांगायला पाहिजे.

भिंत ओळखायची सोपी खूण म्हणजे ड्रिलमधून पडणारी भुकटी. पहिले 12-15 मिलीमीटर प्लास्टरच असतं, ते सोडून द्या. त्याच्यापुढे लाल भुकटी आली तर वीट. पांढरट, एकदम हलकी आणि बिट लोण्यात गेल्यासारखा आत चाललाय तर सिपोरेक्स. राखाडी भुकटी आणि बिट दमाने पुढे जातोय तर काँक्रीट, पण राखाडीच असून बिट सहज जात असेल तर ती फ्लाय अ‍ॅशची, म्हणजे कोळशाच्या राखेची, वीट असू शकते, इथे लोक हमखास फसतात. आणि मशीन थरथरतंय, बिट तापलाय, तरी भोक पुढे सरकत नाही, तर समजा काळा दगड लागला.

सगळीकडे लोखंडी फास्टनर ठोकणं

ही सगळ्यात मोठी चूक. लोखंडी फास्टनर, म्हणजे नट आवळला की आतली स्लीव्ह फुगते तो, भोकाच्या कडांवर जोर देऊन धरतो. काँक्रीट तो जोर सहन करतं. सिपोरेक्स करत नाही, ते चुरगळतं, म्हणून तुम्ही पाना फिरवत राहता आणि नट काही घट्टच होत नाही. पोकळ विटेत तर स्लीव्हला फुगायला मागे काही नसतंच. सिपोरेक्ससाठी वेगळे नायलॉनचे प्लग मिळतात, जाड धारांचे किंवा स्क्रूसारखे फिरवून बसवायचे, तेच घ्या, आणि भोक पाडताना ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवून नुसतं फिरवून पाडा. पोकळ विटेत केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून त्यात बसवायचा रॉड, लावायचा असेल तर आधी जाळीची स्लीव्ह घाला, नाहीतर अख्खी ट्यूब पोकळीत जाईल आणि रॉड तसाच हलत राहील.

15 लिटरच्या गिझरमध्ये नुसतं पाणीच 15 किलो, वर टाकीचं वजन वेगळं. टीव्हीचा पुढे ओढायचा ब्रॅकेट तर अजून त्रासदायक, कारण टीव्ही जितका बाहेर येईल तितका वरच्या स्क्रूंवर उपटणारा जोर वाढतो. सिपोरेक्सच्या भिंतीवर असा ब्रॅकेट लावायचाच असेल तर केमिकल अँकर करा किंवा ब्रॅकेट सरळ आरसीसी कॉलमवर घ्या.

प्लास्टिकची गिट्टी प्लास्टरमध्येच राहणं

गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात घालायचा प्लास्टिकचा प्लग, 8 मिलीमीटरची असेल तर बिट 8 चाच, आणि स्क्रू साधारण 4.5 ते 6 मिलीमीटर जाडीचा. स्क्रूची लांबी मोजताना प्लास्टर, ब्रॅकेटची जाडी आणि गिट्टी तिन्ही धरा, स्क्रूचं टोक गिट्टीच्या थोडं पुढे निघालं पाहिजे. गिट्टीचा फुगणारा भाग विटेत गेला पाहिजे, प्लास्टरमध्ये फुगला तर फक्त पोपडा निघतो. भोक मोठं झालं की काडेपेटीच्या काड्या, लाकडाचे तुकडे, एम-सील कोंबतात लोक, कृपा करून नका करू, आठवडाभर घट्ट वाटतं आणि मग सुटतं. थोडं बाजूला नवीन भोक घ्या.

काळ्या दगडाला हलक्यात घेणं

आपला बेसाल्ट, ज्यात पांडवलेणी कोरली, तो घट्ट असला की बिट खातो. झिजलेल्या बिटाने पाडलेलं भोक किंचित लहान होतं आणि फास्टनर आत जात नाही, मग वरून हातोडा पडतो आणि आटेच चेपतात. त्याऐवजी चांगल्या कार्बाइड टोकाचा एसडीएस बिट (हॅमर ड्रिलमध्ये खाचांनी अडकणारा) घ्या आणि मधेमधे थांबून तो गार होऊ द्या. पण सगळा बेसाल्ट असा नसतो. बारीक छिद्रांचा, पांढरे खडे भरलेला दगड मऊ असतो, आणि मुरूम लागला तर तिथे फास्टनरचा काही उपयोग नाही.

वाड्याच्या भिंतीत दुसरीच अडचण. बाहेरून आणि आतून घडीव दगड, मधे छोट्या दगडांचा नि चुन्याचा भराव. ड्रिल जोरात चाललंय आणि एकदम धपकन आत गेलं तर समजा भराव लागला, तिथे अँकर धरणार नाही. कुंभमेळ्याच्या आधी बरेच जण जुन्या घरात होमस्टे काढतायत, जिन्याला रेलिंग, भिंतीवर एसी, आणि सगळं फुगणाऱ्या फास्टनरवर. चुन्याच्या जोडात बसलेला छोटा दगड त्या जोराने जागेवरून सुटतो किंवा फुटतो. रेलिंगसारख्या, ज्यावर माणूस भार टाकणार अशा गोष्टीला मोठ्या दगडाच्या मधोमध, कडेपासून लांब, केमिकल अँकरच करा. नावाची पाटी, वायरीची क्लिप असं हलकं काही असेल तर ते दरजेत, म्हणजे दोन दगडांमधल्या जोडात, मारा, म्हणजे पुढे दुरुस्त करायचं झालं तर नुसती दरज भरून काम होतं, दगड शाबूत राहतो. हे मी कळकळीने सांगतेय, दगडाला पडलेलं भोक परत बुजत नाही.

भोक साफ न करता केमिकल भरणं

केमिकल अँकर सुटला की लोक केमिकलला शिव्या देतात, पण बहुतेक वेळा आत भुकटी राहिलेली असते आणि केमिकल त्या भुकटीलाच चिकटलेलं असतं. आधी पंपाने हवा मारा, मग तारेचा ब्रश फिरवा, परत हवा मारा, आणि हे एकदा करून सोडू नका. कार्ट्रिजमधून पहिलं निघणारं मिश्रण टाकून द्या, दोन्ही रंग एकसारखे झाले की मगच भोकात, आणि भरायचं तळापासून बाहेर येत, रॉड फिरवत ढकलायचा. पाकिटावर तापमानाचा तक्ता असतो तो वाचाच. आपल्याकडे जानेवारीत सकाळी पारा 10 च्या खाली जातो तेव्हा ते तासन्‌तास ओलं राहतं, आणि मेमध्ये नोजलमध्येच घट्ट होऊन बसतं. ते पूर्ण वाळेपर्यंत रॉडला हात लावायचा नाही.

कडेला किंवा जवळजवळ मारणं

काँक्रीटमध्ये फास्टनर उपटताना आपल्यासोबत शंकूच्या आकाराचा तुकडा ओढतो. म्हणून पूर्ण ताकद हवी असेल तर फास्टनर जितका खोल गेलाय त्याच्या दीडपट अंतर कडेपासून आणि तिप्पट अंतर दोन फास्टनरमध्ये लागतं, 60 मिलीमीटर खोल असेल तर 90 आणि 180. बाल्कनीच्या ग्रीलला हे कुणी बघत नाही, कोपऱ्यात चारही फास्टनर एकाच पट्टीत.

गच्चीवर सोलरचं स्टँड लावताना स्लॅबला भोक पाडण्याआधी वॉटरप्रूफिंगचा विचार करा, शक्यतो काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर स्टँड घ्या. आणि बाहेर पावसात राहणाऱ्या कामाला स्टेनलेस स्टीलच घ्या. साधा झिंकचा फास्टनर गंजला की फुगतो आणि आजूबाजूचा दगड-प्लास्टर तडकवतो. गंजाचा तांबडा ओघळ दिसला तर वरून रंग मारू नका, नट काढून आतला रॉड किती खाल्लाय ते बघा आणि तो बदला.