'दोन मिनिटं आहेत का?' असं विचारणं आधी बंद करा

घरून काम करणाऱ्या टीममध्ये कोण कधी सापडेल हे ठरवताना सगळे चॅटमध्ये नावाशेजारी दिसणाऱ्या हिरव्या टिपक्याकडे बघतात. तो टिपका सोडा. मायक्रोसॉफ्ट टीम्स या अ‍ॅपमध्ये पाच मिनिटं काही हालचाल झाली नाही की तो पिवळा होतो. छापील कागद वाचत बसलेला माणूसही मग 'जागेवर नाही' ठरतो. आणि टिपका हिरवा आहे म्हणजे माणूस रिकामा आहे, असंही नाही.

कॅलेंडरवर कामाचे तास टाका. स्टेटसमध्ये नुसतं 'बिझी' नको, 'अहवाल लिहितेय, ३ वाजता मेसेज बघेन' असं लिहा. ते ३ वाजता आपोआप पुसलं जाईल अशी वेळही लावा, नाहीतर रात्री नऊलाही तुमचा अहवाल चालूच असतो.

खरी गोची पुढे आहे: दुसऱ्याचं लक्ष मागायचं कसं? 'हाय, आहेस का?' लिहून थांबणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. समोरचा हातातलं काम टाकून 'हो, बोल' म्हणतो आणि पुढची दहा मिनिटं 'टायपिंग' बघत बसतो. पण मीही काही शहाणी नव्हते. एकदा सहकाऱ्याला कोटेशन पाठवलं, सोबत 'वेळ मिळाला की बघ'. ते दुसऱ्या सकाळी ग्राहकाकडे जायचं होतं, पण हे माझ्या डोक्यात होतं, मेसेजमध्ये नव्हतं. त्याने खरोखर वेळ मिळाल्यावरच बघितलं, तिसऱ्या दिवशी. चिडायलाही तोंड नव्हतं. मग मी दुसरं टोक गाठलं: प्रत्येक मेसेजला 'अर्जंट'. दोन आठवड्यांत माझं अर्जंट कोणी विचारेनासं झालं.

आता मी एकाच मेसेजमध्ये तीन गोष्टी लिहिते: 'दुसऱ्या तक्त्याची फक्त बेरीज तपास. आज ५ पर्यंत हवंय. तोवर उत्तर नाही आलं तर मीच तपासून पाठवते.' लोक नेमकं हे शेवटचं वाक्य गाळतात. ते असलं की समोरच्याला संकोच न करता नाही म्हणता येतं आणि माझंही काम त्याच्यावाचून अडत नाही. 'जमेल तसं' आणि 'लवकरात लवकर' हे शब्द कायमचे टाकून द्या. घड्याळातली वेळ लिहा, आणि टीम दोन देशांत असेल तर कुठली वेळ तेही.

तातडीसाठी मार्ग एकच ठेवा: फोन. पण तातडीचं म्हणजे काय, हे आधी लेखी ठरवा. सेवा बंद पडली, पैसे अडकले, आज जायचं काम आज जात नाही. यादी इथेच संपते. चौथी गोष्ट घालायचा मोह आवरा.

स्लॅक या चॅट अ‍ॅपवर 'अ‍ॅट चॅनल' (@channel) लिहिलं की त्या चॅनलमधल्या, म्हणजे गटातल्या, सगळ्यांना सूचना जाते, 'अ‍ॅट हिअर'ने (@here) फक्त त्या वेळी ऑनलाइन असलेल्यांना. दुसरं वापरा, तेही क्वचित. रात्री काही सुचलं तर मेसेज सकाळसाठी शेड्यूल करा.

राहिली पोच. अंगठा म्हणजे 'वाचलं' की 'करतो', यावरून आमच्यात बरेच घोळ झाले. आता डोळ्यांचा इमोजी म्हणजे हातात घेतलंय, बरोबरची खूण म्हणजे झालं. अंगठ्याला बंदी आहे.